मुलींच्या संघासाठी चौदा नावे

ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणहून फोन आला. आमच्यातल्या एकाचे अब्बा बोलत होते. "अरे, तुमची पोरं ती जाळीची काठी घेऊन खेळतात ना, त्या खेळाचं नाव आज पेपरात आलंय. ऑलिम्पिकमध्ये घेतला म्हणे. आणि ठरलं कुठे, तर आपल्या मुंबईत!"

बातमी खरी होती. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे १४१ वे अधिवेशन मुंबईत भरले होते आणि १६ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथे २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी पाच खेळांना मंजुरी मिळाली. त्यात क्रिकेट होते, म्हणून भारतभर बाकीच्या चारांकडे फारसे कोणी पाहिले नाही. त्या चारांपैकी एक म्हणजे लॅक्रॉस. १९०४ आणि १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये तो पदकासाठी खेळला गेला होता. आता परत येतो आहे, तोही सहा-सहा खेळाडूंच्या आटोपशीर रूपात.

अब्बांना आनंद झाला, आम्हालाही झाला. पण ऑलिम्पिक ही फार लांबची गोष्ट. आमचे दोन हंगाम गेले ते नावांच्या याद्या, गाड्यांच्या फेऱ्या, वापरलेली हेल्मेटे आणि मगरिबच्या वेळा जुळवण्यात. ती हकीकत इथे सांगत आहोत.

आम्ही राहतो अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, बाल्टिमोरच्या एका उपनगरात. मशिदीच्या ओळखीतून जमलेली आमची सात-आठ घरे. त्यात चिपळूणचे, मिरजेचे आणि बीडचे अशी तीन मराठी कुटुंबे. बाकीची हैदराबादी, बांगलादेशी, सुदानी आणि २०२१ नंतर काबूलहून आलेली दोन घरे. मोठ्यांचा खेळ क्रिकेट. पण आमची मुले ज्या शाळांत जातात तिथे मार्च उजाडला की लॅक्रॉस सुरू होते. मेरीलँडने तर २००४ पासून हा आपला अधिकृत सांघिक खेळ मानला आहे. आपल्याकडे गल्लीत पोरे बॅट घेऊन फिरतात तशी इथे पोरे लॅक्रॉसची काठी घेऊन फिरतात.

खेळ थोडक्यात सांगतो. काठीच्या टोकाला जाळीची ओंजळ असते. चेंडू भरीव रबराचा, आकाराने टेनिसच्या चेंडूहून किंचित लहान, वजनाला क्रिकेटच्या चेंडूहून थोडा हलका. तो ओंजळीत झुलवत पळायचे, साथीदाराकडे फेकायचे आणि शेवटी सहा फूट रुंद, सहा फूट उंच गोलात मारायचे. हाताने चेंडूला शिवायचे नाही. मुलांचा खेळ धक्काबुक्कीचा, म्हणून त्यांना जाळीदार हेल्मेट, हातमोजे, खांदे-छातीचे कवच, सगळा सरंजाम लागतो. मुलींच्या खेळात अंगावर जाऊन धडकायला बंदी आहे. त्यांना डोळ्यांवर जाळीचा चष्मा आणि दातांवर रबरी कवच एवढेच सक्तीचे. त्यांच्या काठीची जाळीही उथळ असते, म्हणजे चेंडू टिकवायला हातात जास्त कसब लागते. नाव एक असले तरी हे जवळजवळ दोन वेगळे खेळ आहेत, आणि मुले-मुली लहानपणापासूनच वेगवेगळ्या संघांत खेळतात. आमच्यातल्या काही घरांना ही गोष्ट पुढे सोयीची वाटली.

आता आमची चूक. २०२२ च्या वसंतात आम्ही पहिल्यांदा या भानगडीत पडलो तेव्हा फक्त मुलांची नावे दिली. मुलींना मुद्दाम वगळले असे नाही. त्यांचा विषयच निघाला नाही. मुलगे शाळेतून आले, "मला खेळायचंय" म्हणाले, आम्ही अर्ज भरले. मुली आपल्या आपण म्हणाल्या नाहीत आणि आम्ही विचारले नाही. दर शनिवारी भावाची भली मोठी पिशवी गाडीत टाकायची आणि बहिणीने मैदानाच्या कडेला बसून संत्री सोलायची, असा तो हंगाम गेला.

त्याच उन्हाळ्यात महिलांची जागतिक लॅक्रॉस स्पर्धा इथून जवळच, टाउसनच्या विद्यापीठात भरली. अंतिम सामना ९ जुलैला होता, म्हणजे इथे नेमकी बकरी ईद. त्यामुळे अमेरिकेने कॅनडाला ११-८ असे हरवले ते आम्ही कुर्बानीच्या गडबडीत मोबाइलवर वाचले. पण त्याआधी एका संध्याकाळी आम्ही सगळी मुले घेऊन सामना पाहायला गेलो होतो. जगभरच्या मुली खेळत होत्या. परत येताना गाडीत मिरजकरांची दहा वर्षांची मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भाईची पिशवी गाडीत असते. माझी का नाही?"

गाडीतल्या चार मोठ्या माणसांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही.

त्या स्पर्धेत आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात राहिली, ती म्हणजे होडेनोशोनींचा महिला संघ. फ्रेंच आणि इंग्रज ज्यांना इरोक्वॉय म्हणत त्या सहा मूळ अमेरिकन राष्ट्रांचा हा समूह. लॅक्रॉस ही त्यांची आणि त्यांच्या शेजारच्या जमातींची देणगी. त्यांच्या लेखी हा निर्मात्याने दिलेला खेळ. आजारी माणसाला बरे वाटावे म्हणूनही तो खेळला जातो. फ्रेंच मिशनऱ्यांनी सतराव्या शतकात तो पाहिला आणि काठीवरून त्याला आपल्या भाषेत नाव दिले. पुढे १८६७ साली मॉन्ट्रियलच्या विल्यम जॉर्ज बिअर्स या दंतवैद्याने त्याचे नियम लिहून काढले. २०१० मध्ये होडेनोशोनी पुरुषांचा संघ मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला निघाला होता. ते स्वतःच्या राष्ट्राच्या पासपोर्टवर प्रवास करतात. ब्रिटनने तो पासपोर्ट मानला नाही, त्यांनी दुसरा घेतला नाही आणि ज्यांचा खेळ तेच स्पर्धेला मुकले. आमच्यातल्या प्रत्येकाने व्हिसाच्या रांगेत कधी ना कधी घाम पुसलेला आहे, त्यामुळे ही गोष्ट मुलांना सांगताना आवाज जरा चढतोच.

त्यांच्यात असाही जुना संकेत आहे की पुरुषांच्या पारंपरिक लाकडी काठीला बाईने हात लावू नये. तो संकेत मानणारे आजही आहेत. आणि तरी त्यांच्याच मुली टाउसनला आधुनिक काठ्या घेऊन आपल्या राष्ट्राच्या नावाने खेळत होत्या. आम्ही त्यावर काही भाष्य करत नाही. एवढेच की मशिदीबाहेरच्या गप्पांत आमच्याकडे जो वाद चालतो तो फक्त आमच्याच घरचा नाही, हे तेव्हा कळले.

नोव्हेंबरात आमच्या भागातल्या हंगामाची बैठक झाली. इथे असे हंगाम पालकच चालवतात. मैदान स्थानिक क्रीडा खात्याकडून मागायचे, पंचांचे मानधन ठरवायचे, प्रशिक्षकांची पार्श्वभूमी तपासून घ्यायची, विमा उतरवायचा, सगळे काम नोकरी सांभाळून फुकट. बैठकीत यादी वाचली गेली. बारा वर्षांखालील मुलांचे दोन संघ भरले होते. त्याच वयाच्या मुलींची नावे होती सहा. जानेवारीअखेर चौदा झाली नाहीत तर मुलींचा संघ रद्द. सहा जणींचे पैसे परत.

चौदा कशासाठी? या वयात लहान मैदानावर कमी खेळाडूंनी खेळवतात, पण कोणी आजारी पडते, कोणाची परीक्षा असते. दोन जास्तीच्या मुली नसल्या की तिसऱ्या आठवड्यात संघ मोडतो.

आठ नावे कमी होती. आमच्या घरांतल्या आणि मशिदीच्या ओळखीतल्या त्या वयाच्या मुली मोजल्या तर अकरा निघाल्या. आम्ही तिथल्या तिथे सांगितले, नावे आम्ही आणतो. सांगताना सोपे वाटले.

डिसेंबरभर आमच्यातल्या दोन-दोन बायका घरोघर गेल्या. पुरुषांनी जुम्याच्या नमाजनंतर बापांना गाठले. काय काय ऐकायला मिळाले! पायांत काय घालणार? प्रशिक्षक पुरुष आहे का? मगरिब चुकेल. अभ्यास बुडेल. दात पडले तर? उन्हात रंग काळवंडेल, उद्या लग्नाला अडचण. (हे शेवटचे सांगणाऱ्या खालांचा स्वतःचा नातू भर उन्हात दिवसभर क्रिकेट खेळतो.) "मुलींनी खेळू नये" असे तोंडावर कोणी म्हटले नाही. सगळ्यांचे "तसं काही नाही, पण..."

कपड्यांचा प्रश्न सर्वांत मोठा होईल अशी आमची खात्री होती, म्हणून त्याची तयारी आम्ही जय्यत केली. मुलींच्या लॅक्रॉसमध्ये आखूड घेराचा झगा घालण्याची जुनी चाल आहे. १८९० साली स्कॉटलंडमधल्या सेंट लिओनार्ड्स या मुलींच्या शाळेत हा खेळ सुरू झाला, तिथून ती आली. त्याच शाळेत शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ मध्ये बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत मुलींचे लॅक्रॉस आणले, म्हणजे अमेरिकेतली ही गंगोत्री आमच्या गावापासून अर्ध्या तासावर. पण आता चड्डी चालते, तिच्याखाली पूर्ण पायांची घट्ट विजार चालते आणि गणवेशाच्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा सदराही चालतो. डोक्याला बांधायचे तर डोक्यातून ओढून घालायचा खेळाचा हिजाब मिळतो. शिवाय २०२२ मध्ये मेरीलँडने कायदाच केला की खेळाडू विद्यार्थ्यांना धर्माच्या किंवा शालीनतेच्या कारणाने गणवेशात बदल करू द्यावा. आम्ही त्या कायद्याची प्रत छापून पिशवीत ठेवली. प्रशिक्षकही बाई मिळाल्या, शाळेत शिकवणाऱ्या, विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या.

म्हणजे कपडे झाले, बाई झाल्या. तरी नावे आली फक्त चार.

मग बीडच्या भाभींनी एका अफगाण घरात दुसऱ्यांदा चहा घेतला आणि खरे कारण बाहेर आले. त्या मुलीची आई रात्रपाळीला जाते. बापाची गाडी कामाच्या वेळेला त्याच्याबरोबर. मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी मुलीला मैदानावर नेणार कोण? "कपड्याचं आम्ही बघू," ती आई म्हणाली, "पण ती जाणार कशी?"

आम्ही उरलेल्या घरांत परत गेलो आणि या वेळी पहिला प्रश्न गाडीचा विचारला. पाच घरांत तेच निघाले. कुठे एकच गाडी, कुठे धाकटे मूल आजारी, कुठे आईला गाडी चालवता येत नाही आणि हे सांगायची लाज वाटते, म्हणून ती मगरिबचे कारण पुढे करते. मुलगा असला की बाप कामावरून लवकर सुटतो किंवा शेजारच्या मुलाच्या गाडीत त्याला बसवून देतो. मुलीला असे कोणाच्याही गाडीत बसवत नाहीत. महिनाभर आम्ही हिजाब आणि विजारींवर बोललो होतो, आणि मुली अडल्या होत्या गाडीवाचून.

मग तक्ता केला. तीन गाड्या, तिन्ही चालवणाऱ्या बायका, कोणत्या गाडीत कोण, कोणाला किती वाजता घ्यायचे आणि सोडल्यावर घरी कोणाला फोन करायचा. फळ्यावर लिहिला आणि प्रत्येक घरी पाठवला. त्या आठवड्यात पाच नावे आली. शेवटच्या दिवशी यादी पंधरावर गेली. आमच्या नऊ, आधीच्या सहा.

पैशांचे थोडे सांगायला हवे, कारण हा खेळ स्वस्त नाही. मुलांच्या नव्या हेल्मेटलाच दीडशे डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. त्यावर काठी, मोजे, कवच, बूट. मुलींचे पुष्कळ कमी. चष्मा, काठी, दातांचे कवच, झाले. आम्ही मोठ्या झालेल्या मुलांच्या घरांतून जुन्या वस्तू गोळा केल्या. मशिदीच्या तळघरात एक कपाट मिळाले, त्यात मापाप्रमाणे लावल्या. पण सगळे जुने घेता येत नाही. छातीचे कवच मात्र नव्या प्रमाणाचेच हवे. भरीव चेंडू छातीवर हृदयाच्या ठोक्याच्या एका नेमक्या क्षणी बसला तर निरोगी मुलाचेही हृदय बंद पडू शकते. असे क्वचित घडते, पण घडते. त्यासाठी खास प्रमाणाचे कवच २०२१ पासून गोलकीपरांना आणि २०२२ पासून मुलांच्या सगळ्या खेळाडूंना सक्तीचे झाले आहे. एका बापाने भावाचे जुने कवच आणले, दिसायला नव्यासारखे. आम्ही ते परत केले. तो रागावला. आमचा नाइलाज होता.

कवच असले तरी भरवसा नको, म्हणून मैदानावर हृदयाला झटका देणारे छोटे यंत्र ठेवायचे ठरले आणि वर्गणी निघाली. तेव्हा कोणीतरी सुचवले, जकातीतून घेऊ, गरीब घरांच्या मुलांच्या काठ्याही त्यातूनच होतील. आमच्यातले ज्येष्ठ सुदानी चाचा शांतपणे म्हणाले, जकातीचे हकदार ठरलेले आहेत, त्यांच्या ताटातले खेळाला देऊ नका. ज्याला द्यायचे त्याने आपल्या खिशातून सदका म्हणून द्यावे. वाद तिथेच मिटला. यंत्राला दोन महिने उशीर लागला, पण आले. आजवर ते उघडावे लागलेले नाही, अल्लाहची मेहेरबानी. सहा पालक ते वापरायला शिकले आहेत.

डोक्याच्या माराबद्दल इथे नियम कडक आहेत आणि ते चांगले आहे. मेरीलँडच्या २०११ च्या कायद्याप्रमाणे डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी मूल त्या दिवशी बाहेर. डॉक्टरची चिठ्ठी मिळेपर्यंत परत नाही. आमच्या एका मुलाला असे तीन आठवडे बसावे लागले. "काही झालेलं नाही, खेळू द्या," असे म्हणणारे त्याचे मामाच होते. आपल्याकडची "पडल्याशिवाय पोर मोठं होत नाही" ही समजूत इथे सोडून द्यावी लागते.

हंगाम मार्चमध्ये सुरू झाला आणि २३ मार्चला पहिला रोजा लागला. ईद २१ एप्रिलला. म्हणजे हंगामाचा जवळजवळ अर्धा भाग रमजानात.

बारा वर्षांखालच्या बहुतेक मुलांवर रोजा फर्ज नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण मुले ऐकतात कुठे! एकीने ठेवला की सगळ्यांना ठेवायचा असतो. आमच्या प्रशिक्षक बाईंनी पहिल्याच सरावाला सरळ विचारले, "रोज्यात एखादीला चक्कर आली तर मी काय करायचं? पाणी पाजायचं की तुम्हाला फोन करायचा?" आम्हाला हा प्रश्न फार आवडला. त्या रात्री बसून आम्ही एक पान लिहिले. रोजा ठेवायचा की नाही हे घर ठरवील, प्रशिक्षक विचारणार नाहीत. रोजा असेल तर मुलीने आल्याबरोबर सांगावे. त्या दिवशी तिला पळण्याचे नाही, हाताचे काम, म्हणजे भिंतीवर चेंडू मारून झेलणे. सामन्याच्या दिवशी लहान मुलींनी रोजा ठेवू नये अशी आमची विनंती, सक्ती नाही. आणि चक्कर आली तर आधी पाणी, मग फोन. इमाम साहेबांना ते पान दाखवले. त्यांनी शेवटच्या ओळीखाली पेनाने रेघ ओढली आणि परत दिले.

सरावाची नेहमीची वेळ सहा ते साडेसात. मार्चच्या अखेरीस इथे मगरिब सुमारे ७:२० ला होते, ईदच्या सुमाराला ७:५० ला. सहाची वेळ ठेवली तर मुली इफ्तारला रस्त्यात. आम्ही महिन्यापुरती पाच ते सव्वासहा मागितली. त्या वेळेला चांगले मैदान दुसऱ्या खेळाला दिलेले होते, म्हणून शाळेमागचे खडबडीत मैदान मिळाले. चेंडू वाटेल तिकडे उडायचा. आधीच्या सहा मुलींच्या पालकांना कामावरून लवकर निघावे लागले, आणि त्यांनी ते कुरकुर न करता केले. एका आईने एवढेच म्हटले की पुढच्या वर्षी आधी सांगा. बरोबर होते. रमजानची तारीख आम्हाला वर्षभर आधी माहीत असते, त्यांना नसते.

ईदच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सामना लागला होता. समोरच्या संघाला लिहिले, त्यांनी तो मे महिन्यातल्या एका बुधवारी घेतला. मागितले असते तर मागच्या वर्षीही मिळाले असते, पण मागच्या वर्षी मुलांना आम्ही ईदच्या कपड्यांवर कवच चढवून पळवत नेले होते.

रमजानच्या चौथ्या शनिवारचा सामना. सुरुवातीआधी पंच बाई प्रत्येक मुलीची काठी, चष्मा, दातांचे कवच पाहत होत्या. आमच्या एका मुलीपाशी थांबल्या आणि तिला बाजूला काढले. हिजाबकडे बोट. आमच्यातली एक तीरासारखी सुटली, हातात त्या कायद्याची घडी केलेली प्रत. सगळे पालक उभे राहिले. पंच बाईंनी कागद वाचला, मान डोलावली आणि म्हणाल्या, "हे ठीकच आहे. मला फक्त टाचण्या नकोत." मुलीने घाईत खेळाच्या हिजाबाऐवजी साधा ओढणीचा घातला होता आणि हनुवटीखाली दोन टाचण्या लावल्या होत्या. धडक झाली असती तर त्या तिच्या नाहीतर समोरच्या मुलीच्या गळ्यात गेल्या असत्या. चूक आमची होती. टाचण्या काढल्या, बाईंनी स्वतःच्या पिशवीतली रबरी पट्टी दिली, सामना दोन मिनिटे उशिरा सुरू झाला. कागद घेऊन धावलेली भगिनी अर्धा सामना खाली मान घालून बसली होती.

तो सामना आम्ही हरलो. एकूण आठ खेळलो, दोन जिंकलो. पहिल्या तीन सामन्यांत आमच्या मुलींना चेंडू जमिनीवरून उचलताच येत नव्हता. तो काठीने कोदाळावा तसा उचलावा लागतो, खाली वाकून, आणि त्या उभ्यानेच त्याला ढकलत बसायच्या. मग प्रशिक्षक बाईंनी पूर्ण एक सराव फक्त वाकायला शिकवण्यात घालवला. मे महिन्यात मिरजकरांच्या त्याच मुलीने पहिला गोल केला. केल्यावर तिला काय करायचे कळेना. ती पळत आली आणि पंच बाईंशी हात मिळवून गेली.

सगळेच जमले असे नाही. ज्या अफगाण मुलीच्या घरी भाभींना गाडीची गोष्ट कळली, तिचे नाव एप्रिलमध्ये गळले. आईची पाळी बदलली आणि संध्याकाळी दोन धाकट्या भावंडांना पाहायला घरात दुसरे कोणी उरले नाही. गाडीचा प्रश्न आम्ही सोडवला होता, याला उत्तर नव्हते. दोघा भावंडांना मैदानावर घेऊन ये, आम्ही सांभाळू, असे आम्ही सुचवले. एक मंगळवार ती आली. धाकटा मैदानात घुसला, चेंडूपासून थोडक्यात वाचला, आणि ती परत आली नाही. तिची काठी आम्ही कपाटात ठेवलेली नाही, तिच्या घरीच आहे. तिच्या मोठ्या भावाने मात्र हंगाम पूर्ण केला. त्याला संध्याकाळी कोणी घरी थांब म्हटले नव्हते. हे आम्ही त्याच्या अब्बांशी बोललो. बोलणे सोपे गेले नाही, आणि त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

या सगळ्याची हकीकत कळल्यावर मिरजेहून एका मावसबहिणीचे पत्र आले. तिकडे वस्तीतल्या मुलींना फुटबॉल किंवा कबड्डी शिकवायची आहे, सुरुवात कशी करावी? आम्ही लिहिले ते असे : आधी मैदान शोधू नका, आधी मुलींच्या घरी जा आणि संध्याकाळी चार ते सात ती काय करत असते ते विचारा. पाणी भरते का, धाकट्याला सांभाळते का, शिकवणीला जाते का. त्यातून तीन दिवस एक तास मोकळा होत असेल तर तो तास घ्या, मैदान त्या तासाला मिळेल तिथे घ्या. ने-आण करणारी दोन माणसे पक्की करा आणि एक जण आजारी पडली तर दुसरी कोण, तेही. कपड्यांवर पहिल्या बैठकीत बोलू नका. आयांनाच शिवायला सांगा, त्या आपोआप बरोबर शिवतात. मुलांचा संघ आधी आणि मुलींचा "पुढच्या वर्षी" असे ठरवू नका, कारण आमचा अनुभव असा की एकदा मुलांचे वेळापत्रक लागले की मैदान, पैसा आणि मोठ्यांचा शनिवार, तिन्ही त्यात संपतात. तिचे उत्तर आले आहे. बारा मुली, कबड्डी, शाळेच्या पटांगणात, मंगळवार-शुक्रवार. एका आजीने गुडघ्याचे पट्टे विणून दिलेत म्हणे.

आमच्या येत्या हंगामाची नोंदणी सुरू आहे. २०२४ चा रमजान ११ मार्चच्या सुमाराला लागणार, म्हणजे सरावाच्या पहिल्याच आठवड्यात. बदललेल्या वेळा या खेपेला नोव्हेंबरातच सगळ्या पालकांना कळवल्या आहेत. गाड्या तीनच्या चार झाल्या, कारण ज्या भाभींना चालवता येत नव्हते त्यांनी परवाना काढला. मुलींची नावे आज सकाळपर्यंत एकोणीस. गोलकीपर व्हायला मात्र अजून एकही तयार नाही.